कासवाचा पाट

या सदरात लोक लिहितात ते मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि अंक घडी घालून ठेवून देते. चिंचेखालची बाई, बंद खोलीतला आवाज... वाचायला मजा येते, पण विश्वास म्हणाल तर कधी बसला नाही. माझे वडील बार्शीला कंपाउंडर होते. अंगात आलं म्हणून कुणी एखाद्या बाईला दवाखान्यात आणलं की ते तिला आधी साखरपाणी द्यायचे, आणि मग विचारायचे, सकाळपासून पोटात काही गेलंय का. अशा घरात मी वाढले. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. आणि मी सांगणार आहे त्यात भूत नाहीच — ज्यांची ही गोष्ट आहे त्या बाई तेव्हा चांगल्या जिवंत होत्या. फक्त तुळजापुरात नव्हत्या.

नात म्हणाली, आजी, तू हे सारखं सांगतेस, एकदा लिहून तरी काढ. म्हणून लिहिते.

लग्न होऊन मी तुळजापुरात आले तेव्हा मोगलाई जाऊन दहाएक वर्षं झाली होती. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. देवळाच्या मागच्या उतारावर एका पुजाऱ्यांच्या घरातल्या खालच्या तीन खोल्या आमच्याकडं भाड्यानं होत्या. एकामागं एक अशा तीन, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. त्याला उत्तरेकडं एकच लहान खिडकी. ऊन म्हणून आत कधी येत नसे — हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

घरात माणसं चारच. सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत. सासूबाई म्हणजे माई. हे हायस्कुलात सायन्स शिकवायचे. आणि चौथी मी.

नाना पूर्वी निजामाच्या करोडगिरी खात्यात कारकून होते. करोडगिरी म्हणजे जकात. सोलापूरच्या रस्त्यावर हद्दीला नाका होता, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याची गाठोडी सोडून बघायची, हे त्यांचं काम. मोगलाई गेली, पुढं नाकाही गेला. नाक्याची खोली पाडली तेव्हा तिथलं लाकूड कुणी नेईना, ते नानांनी बैलगाडीत घालून घरी आणलं. रस्ता अडवायचा आडवा वासा, दारं, फळ्या, टेबल, एक मोडकं कपाट. नोकरी संपल्यावर माणसं पोथी वाचतात. नाना ओट्यावर वाकस आणि पटाशी घेऊन बसायला लागले. सुतारकाम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळं अमुक वस्तू अशीच दिसली पाहिजे, हेही कुणी शिकवलं नव्हतं.

मी घरात पाऊल टाकलं आणि पंचा वाळत घालायला खुंटी शोधली, तर भिंतीतून एक लाकडी हात बाहेर आलेला. पाची बोटं, अंगठ्याला नखसुद्धा. पोळपाटाला तीन पाय, आणि तिन्ही पायांत वेगवेगळा जोडा — एक वहाण, एक बूट, एक खडाव. मिठाच्या डब्याचं झाकण म्हणजे पक्ष्याचं डोकं, मान फिरवली की उघडायचं. माई म्हणाल्या, घरात घुबड नको. नाना म्हणाले, बदक आहे. ते बदक आहे असं नानांशिवाय कुणालाच कधी वाटलं नाही. दाराशी छत्र्या ठेवायला त्या आडव्या वाशाचा तुकडा पोखरून ठेवला होता, त्यावर नाक्याचे काळे-पांढरे पट्टे तसेच होते.

आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून एक पाट होता. कासवाचा. नाक्यावरच्या टेबलाच्या फळीतून केलेला. चार आखूड पाय, आणि पुढं मान वर काढलेली, जराशी वळलेली — कुणीतरी मागून हाक मारल्यासारखी. खालच्या अंगाला शाईचा मोठा डाग तसाच होता. घरातल्या सगळ्या पाटांवर आम्ही बसायचो. त्या पाटावर कुणी बसत नसे.

तो अक्कांचा होता. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, ह्यांच्या पाठच्या नव्हे, आधीच्या. मी त्यांना तेव्हा पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांचं सासर आळंदकडं, कानडी मुलुखात. लग्नाच्या रुखवतात लोक लाडू ठेवतात, कागदाची फुलं ठेवतात. नानांनी आपल्या हातच्या वस्तू मांडल्या होत्या, आणि मधोमध हा कासवाचा पाट. माई सांगायच्या, पाट करताना नाना म्हणत होते, कासवी पिल्लांना पाजत नाही, नुसती लांबून बघते, तेवढ्यावर पिल्लं वाढतात. मुलगी लांब चालली होती म्हणून कासव.

नवऱ्यामुलाच्या चुलत्यांनी तो पाट उचलला, उलटा केला, शाईचा डाग बघितला आणि विचारलं, "हे काय, सरपण पाठवायलात का आमच्याकडं?"

मांडव हसला. माई म्हणायच्या, नानापण हसले गं, तेच मला बघवलं नाही.

आठवड्यानं रुखवत घेऊन गेलेला गाडीवान सगळं लाकूडसामान परत घेऊन दारात उभा राहिला. नानांनी एकेक वस्तू उतरवून घेतली, त्याला पाणी दिलं, आणि घरात येऊन सांगितलं की माझ्या हातच्या वस्तूला जिथं जागा नाही त्या घराचा उंबरा मी चढणार नाही. तिकडूनही निरोप आला, बाप स्वतः न्यायला आल्याशिवाय सून माहेरी धाडायची आमच्याकडं रीत नाही. हे एकदा गेले होते बहिणीला आणायला. वडलांना पाठवा म्हणून त्यांना चहावर परत लावलं. झालं. दिवाळ्या गेल्या, पंचम्या गेल्या, आमचं लग्न झालं, अक्का आल्या नाहीत. हद्दीवरचा नाका मोडून नानांनी घरात आणला होता, आणि मुलगी मात्र पलीकडं अडकून बसली होती.

आता मूळ गोष्ट.

आधी पुरुषमाणसं जेवायची, मग माई आणि मी. आम्ही दोघी बसलो की माई शेजारी कासवाचा पाट मांडायच्या. त्यापुढं ताट नाही, पाणी नाही, नुसता पाट. जेवणं झाली की पाट उचलून जागेवर शेण फिरवायचं, ते काम माझं. पौषाचे दिवस होते, थंडी चांगली होती. मी माझा पाट उचलला, माईंचा उचलला, मग कासवाचा उचलला आणि... तो गरम होता.

गरम म्हणजे भाजेल असा नव्हे. एखादं माणूस बराच वेळ बसून आत्ताच उठलं की जागा जशी उबदार लागते, तसा. मधोमध जास्त, कडेला कमी. पाय थंड, कासवाची मान थंड. मी चुलीकडं बघितलं. चूल पार पलीकडच्या कोपऱ्यात होती, आणि चुलीजवळचा माझा पाट गार होता.

नव्या सुनेनं असलं काही बोलू नये, एवढं कळत होतं. दुसऱ्या दिवशी हळूच हात लावून पाहिला, गार. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गार. मला भास झाला म्हणून मी सोडून दिलं, तर परत एक दिवस गरम. असं चालू राहिलं. कधी सलग दोन-तीन दिवस, कधी आठ-आठ दिवस काही नाही.

मग एक दिवस मी उष्टी काढत होते, आणि मला दिसलं की माई उठायच्या आधी त्या पाटावर तळवा ठेवतात. माझी नजर त्यांच्या लक्षात आली. त्या लाजल्यासारख्या झाल्या, आणि म्हणाल्या, "आज आली होती."

एवढंच. मीठ संपलंय म्हणावं, तसं.

मी रात्र होईपर्यंत थांबले नाही. हे शाळेतून आले आणि लगेच त्यांना सांगितलं. ते सायन्सचे मास्तर, हसले. लाकूड उष्णता धरून ठेवतं वगैरे समजावलं. पण माणूस प्रामाणिक. रविवारी त्यांनी स्वतः तो पाट मधल्या खोलीत नेऊन मांडला, शेजारी स्वतःचा मांडला, आणि दोन्हीकडं कुणी फिरकायचं नाही असं सांगून दारात वर्तमानपत्र घेऊन बसले. आम्ही जेवून उठलो. त्यांनी आधी आपल्या पाटाला हात लावला, मग त्या पाटाला. बराच वेळ हात तसाच होता. मग उठले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "पाट आत ठेव. तिची जागा आत आहे." या विषयावर ते नंतर कधी चेष्टेनं बोलले नाहीत.

नानांना आम्ही काही सांगितलं नाही. पाट सासरहून परत आल्यापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. ते ओट्यावर बसून काहीतरी करत असायचे, एक मोर सुरू करायचे आणि अर्धवट टाकायचे.

तुम्ही म्हणाल, घाबरला नाहीत का? खरं सांगते, नाही. उलट मला हळूहळू त्या पाटाची सोबत वाटायला लागली. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. पंचमीला सगळ्या गल्लीतल्या सुनांना माहेरून न्यायला कुणी ना कुणी आलं. माझ्याकडं कोण येणार? वडील दवाखाना सोडून येऊ शकत नव्हते, तसा निरोप त्यांनी धाडला होता. माईंचा उपास होता, म्हणून त्या दिवशी मी एकटीच जेवायला बसले. सवयीनं शेजारी कासवाचा पाट मांडला. घास काही उतरेना. बाहेर झोक्यावरच्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मला रडू फुटलं, आणि रडता-रडता मी त्या रिकाम्या पाटाला म्हणाले, "तुमचं बरंय वन्सं. तुम्हाला निदान येता तरी येतं."

हे मी कुणालाही सांगितलं नाही. माईंना नाही, ह्यांना नाही. घरात तेव्हा कुणी नव्हतं. माई देवळात होत्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पाट बरेच दिवस गार राहिला. माई रोज हात लावायच्या आणि उठायच्या. आणि मग एका दुपारी मी पाट उचलायला गेले आणि हात झटकन मागं घेतला. हे नेहमीसारखं नव्हतं. सगळा पाट तापला होता — पाय, मान, कडा. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तसं लागत होतं. लाकडाला लागतं तसं कोरडं ऊन नव्हे, अंगाचं.

माईंनी हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या तिथूनच म्हणाल्या, नानांना बोलाव.

नाना आले. काय झालंय ते माईंनी त्यांना चार शब्दांत सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं. मला वाटलं आता ओरडतील. ते खाली बसले. आधी पाटावर तळवा ठेवला, मग उलटा करून हाताची मागची बाजू, जशी आईबाप पोरांचा ताप बघताना ठेवतात. मग म्हणाले, "अंगात ताप आहे हिच्या."

त्यांनी कोट घातला, टोपी घातली. माई भाकरी बांधून देते म्हणाल्या, त्याला थांबले नाहीत. नळदुर्गाकडं जाणारी गाडी मिळेल का बघतो, एवढंच म्हणाले आणि उतार चढून गेले. ज्या घराचा उंबरा चढायचा नाही म्हणून एवढी वर्षं धरलं होतं, ते सगळं त्या एका पाटाला हात लावल्यावर त्यांना आठवलंसुद्धा नाही.

मागं आम्ही दोघी. माईंनी मला तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. जुन्या धोतराची पट्टी फाडली, ती भिजवली, पिळली आणि कासवाच्या डोक्यावर ठेवली. वाळली की परत भिजवायची. मी शेजारी बसून पाणी बदलत होते. आज लिहिताना वाटतं, कुणी बघितलं असतं तर दोघी वेड्या म्हटलं असतं. पण तेव्हा मला एका क्षणासाठीही ते वेडेपणाचं वाटलं नाही. तिन्हीसांजेला पाट गार झाला. गार झाला हे चांगलं की वाईट, तेच आम्हाला कळेना. त्यानंतरचे दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत.

नाना अक्कांना घेऊनच आले. विषमज्वर होता, म्हणजे टायफॉईड. नाना पोचले तेव्हा अक्का मागच्या पडवीत बेशुद्ध होत्या. घरची माणसं वाईट नव्हती, हे नाना मुद्दाम सांगायचे. हंगामाचे दिवस, सगळे शेतावर, आणि साधा ताप आहे, उतरेल, अशा समजुतीत. नानांना दारात बघून ते चुलते उठून उभे राहिले. नाना म्हणाले, "चूक कुणाची ते मागाहून बघू. आधी पोरीला दवाखान्यात न्यायची तजवीज करा." मग अक्कांच्या यजमानांनीच गाडी जुंपली, सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, आणि बरं वाटल्यावर माहेरी पाठवायला कुणी नाही म्हटलं नाही.

माईंना नाना एक गोष्ट सांगत होते ती मी ऐकली. म्हणाले, तिच्यापाशी कुणी नव्हतं, पण कपाळ ओलं होतं तिचं. केससुद्धा. हे म्हणाले, ताप उतरताना घाम येतो. येतो, खरं आहे.

अक्का आल्या तेव्हा डोक्यावरचे केस कापलेले, अंगात नुसती हाडं. मी दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी होते. त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि कानाशी हळूच म्हणाल्या, "सुमन, आता झालं का तुझ्या मनासारखं? आता खरोखरची आले. तू म्हणाली होतीस ना, तुमचं बरंय, तुम्हाला येता तरी येतं."

भाकरतुकडा ओवाळायचा माझ्या हातातच राहिला.

अंगात जरा ताकद आल्यावर मी त्यांना विचारलं. त्यांना त्यात नवल वाटत नव्हतं, म्हणून सांगायलाही फार नव्हतं. सासरी दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की त्या मागच्या पडवीत एकट्या जेवायला बसत, जमिनीवरच. भाकरी पुढं घेऊन डोळे मिटायचे आणि आपल्या पाटावर बसायचं. मग माईंच्या फोडणीचा वास यायचा, कुणाचं काही बोलणं कानावर पडायचं. कामाचा रेटा असला तर जमायचं नाही. "एवढंच गं," त्या म्हणाल्या, "माहेरची आठवण काय, सगळ्याच बायका काढतात."

पाऊस लागायच्या आत त्यांचे यजमान स्वतः न्यायला आले. नानांनी पाट पुसून, बांधून तयार ठेवला होता. यजमान म्हणाले, द्या, मीच घेतो. पण अक्कांनी गाठ सोडली आणि पाट परत आत नेऊन ठेवला. म्हणाल्या, इथंच असू द्या, मला इथं बसायला जागा पाहिजे.

त्या गेल्यावर मात्र पाट कधी गरम झाला नाही.

माई रोज मांडायच्या, रोज हात लावायच्या. आता नानाही दुपारी ओट्यावरचं काम टाकून आत यायचे. हात लावायचे आणि म्हणायचे, "थंड आहे." माई म्हणायच्या, रमली म्हणायची. नाना म्हणायचे, हां, रमली. आणि तिथंच बसून राहायचे. लेक सुखात आहे याचा आनंद दोघांनाही होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण कासवाच्या पाठीवरून फिरणारा नानांचा हात मी बघितलाय. एकदा तरी गरम लागावा म्हणून तो फिरत होता, आणि गरम लागू नये म्हणूनही.

काही वर्षांनी भाद्रपदात माई गेल्या. थोड्याशा आजारानं, अचानक. नळदुर्गाला बोरी नदीला पूर आला होता, गाड्या बंद होत्या. अक्का पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या तेव्हा रडल्या नाहीत. खूप नंतर, नानाही गेल्यावर, एकदा आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, वन्सं, तुम्ही परत सासरी गेलात, मग कधी तशा पाटावर आला नाहीत का हो?

त्या म्हणाल्या, "डोळे मिटले की माझंच घर दिसायला लागलं. माझी पोरं, माझी चूल. मग मी प्रयत्नच सोडला." पानं खुडत म्हणाल्या, "एकदाच लई प्रयत्न केला. पुरात गाडी अडकली तेव्हा. स्टँडवर बसले आणि डोळे घट्ट मिटून बसले. काही दिसलं नाही, कुणाचा आवाज नाही. अंधार नुसता." आणि मग त्यांनी मला विचारलं, त्या दिवशी पाट गरम होता का गं?

माई गेल्या त्या दिवशी चूल पेटली नव्हती. पाट मांडले नव्हते. स्वयंपाकघरात दिवसभर कुणी पाऊलही टाकलं नव्हतं.

"कुणी हात लावला नाही, वन्सं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि मेथीची पुढची जुडी सोडली.

माझं वय आता पुष्कळ झालंय. सायन्सच्या मास्तरांबरोबर मी सगळं आयुष्य काढलं, आणि शेवटपर्यंत आम्हा दोघांना याचा अर्थ लावता आला नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. मला मात्र माई गेल्या त्या एका दिवसाचं तेवढं राहून-राहून वाटतं — स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं, आत पाट भिंतीला टेकून होता, आणि आम्ही सगळे बाहेर अक्कांची वाट बघत बसलो होतो.